आधी तो जगला पाहिजे

पुण्यातल्या एका जुन्या वसाहतीतला तो मुलगा गेला, तेव्हा त्याला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. चेहऱ्यावर तजेला आला होता, दोन घास जास्त जेवू लागला होता. आईने देवापुढे साखर ठेवली होती. एका संध्याकाळी जुने मित्र भेटले आणि त्याने पूर्वीइतकेच गर्द घेतले. तो निपचित पडला, तसे पोलिसांच्या भीतीने मित्र पांगले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटले, पिऊन पडला असेल. खरे काय ते सकाळी कळले.

तेरावे झाल्यावर शेजारच्या काकूंनी ठरवले, यावर वसाहतीची सभा घ्यायची. काकू बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. हळदीकुंकू आणि गणपतीतल्या स्पर्धा यापलीकडे त्यांनी कधी काही भरवले नव्हते.

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कपाळाला आठी पडली. "काकू, वसाहतीचं नाव खराब होईल. अजून मुलींची लग्नं जमायची आहेत." मंडळाच्या पोरांनी मात्र उत्साहाने फलक रंगवला : 'गर्दुल्ल्यांचा बंदोबस्त - जाहीर सभा.' काकूंनी तो पुसायला लावला. "हे वाचून कुठली आई येईल रे?" नवा फलक लागला : 'आपल्या मुलांसाठी थोडे बोलू या.' व्यासपीठ नको, हारतुरे नकोत, सतरंजीवर गोल बसायचे. प्रश्न विचारणाऱ्याला नाव सांगावे लागू नये म्हणून दाराशी चिठ्ठ्यांचा डबा ठेवायचा.

रविवारी संध्याकाळी सभागृह भरले. बोलायला दोघेच होते. एक डॉक्टर आणि दुसरा, स्वतः व्यसनातून बाहेर पडून समुपदेशक झालेला तरुण. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी याच पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे शहराने अनेकदा ऐकलेले. पण ऐकणे वेगळे आणि आपल्या जिन्यावर ते घडणे वेगळे.

डॉक्टरांनी आधी त्या मृत्यूमागचे कारण उलगडले. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग जुनीच मात्रा विषासारखी चढते, श्वास मंदावत थांबतो. म्हणून केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले दिवस फार जोखमीचे. शेवटच्या रांगेत बसलेल्या आईने पदर तोंडाशी नेला. तिला वाटले होते, ते दिवस आनंदाचे.

तरुणाने पुढचा विषय काढला. ज्याला आज सोडणे जमत नाही, त्याची निदान हानी तरी कमी करायची. १९९० च्या सुमारास मणिपूरमध्ये एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही झपाट्याने पसरला. आज सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातच सुईने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया मिळतात, आणि देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही दिली जाते. तिने तलफ आवरते, माणूस कामाला लागतो.

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" एक आजोबा उसळले. "सुया वाटणार आणि वर त्याला उपचार म्हणणार?"

तरुण शांतपणे म्हणाला, "आजोबा, मी चार वेळा केंद्रात दाखल झालो आणि चारही वेळा घसरलो. पाचव्या वेळी सुटलो. मधेच मेलो असतो, तर पाचवी वेळ आली असती का?"

आजोबा काही बोलले नाहीत. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग चिठ्ठ्या उघडल्या. सर्वांत जास्त चिठ्ठ्यांत पोलिसांची धास्ती होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४ अ आहे, हे डॉक्टरांनी समजावले. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहिला गेला.

एका चिठ्ठीत एवढेच होते : 'बेशुद्ध पडला तर काय करायचे?' मंडळाचा एक मुलगा सतरंजीवर आडवा झाला. हाका मारा, श्वास पाहा, ताबडतोब १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, लिंबू, दूध काही घालू नका. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. अफू-गर्दाच्या जातीची नशा असेल, तर नॅलोक्सोनच्या इंजेक्शनने थांबत चाललेला श्वास परत येऊ शकतो. आणि त्याला एकटे सोडून पळू नका.

सभा संपली. सेक्रेटरी फळ्यावरचा क्रमांक वहीत उतरवून घेत होते. काकू सतरंजी गुंडाळायला वाकल्या, तर दुसरे टोक त्या आईने धरले.

"एवढंच करायचं होतं का हो?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "कुशीवर वळवायचं आणि फोन करायचा?"

काकूंना उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने आईच पुन्हा म्हणाली, "मागच्या चाळीत पण सभा घ्या. मी येईन. त्यांना दाखवायला कुणीतरी लागेल ना."