माळशिरसच्या वाटेवर चुकलेला ठोका

फलटणहून पंढरपूरला निघालात, की नातेपुते, सदाशिवनगर करत तुम्ही माळशिरसला येता. आषाढीला ज्ञानोबारायांची पालखी याच वाटेने जाते. सदाशिवनगरला रिंगणात अश्व धावतो, त्या रानापाशीच गेल्या कार्तिकीला आमची जुनी पद्मिनी लंगडू लागली. शेजारी म्हातारी आई, आणि दुसऱ्या दिवशी एकादशी!

इंजिन चार सिलिंडरांचे. त्यातला एक काम करीत नव्हता. कोणता, ते असे शोधा. इंजिन बंद करून एका प्लगची टोपी काढा, पुन्हा सुरू करा. ठोका आणखी बिघडला, तर तो सिलिंडर धड. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. सुटी टोपी मात्र हाती धरू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो.

आमचा तिसरा निघाला. इंजिन निवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्याचे प्लग अदलून पाहिले, तरी लंगडा तिसराच. म्हणजे प्लग निर्दोष. (तुमच्या डिझेल इंजिनाला हा प्लगच नसतो, रॉकेलच्या लहान पंपाला असतो.)

इंजिन चालू ठेवून पाहतो, तो अंधार पडला. आईच म्हणाली, "आरं, तितं काजवा चमकतुया बघ!" वायरचे रबर तडकले होते, निळी ठिणगी प्लगकडे न जाता लोखंडावर उडत होती. गाडीचा काय दोष? वायर बदलायचे वर्षभर मीच टाळले होते. इंजिन बंद करून वायर पुसली, सुतळीने लोखंडापासून दूर बांधली. माळशिरसला दुकाने मिटत होती, तरी एकाकडे नवी मिळाली.

वेळापूर मागे पडेतो आई गप्प होती. मग म्हणाली, "आता कसं, टाळ-मुरदुंगावानी चाललंय."