कागद सापडेपर्यंत माणूस जिवंत हवा

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील करो वा न करो, फाइल खंडपीठापुढे येतेच. आम्ही वकील तिला कन्फर्मेशन केस म्हणतो. उच्च न्यायालयात फौजदारी अपिलं चालवताना अशा केसची पेपरबुकं, म्हणजे खटल्याच्या कागदांची बाडं, मी वाचत आलो आहे. एखादी भीषण घटना घडली की राज्यभर मोर्चे निघतात, ‘फाशी द्या’ अशी मागणी होते. तो संताप खरा असतो, त्याला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण मोर्चे पांगल्यावर उरतं ते पेपरबुक, आणि त्याच्या पानांत काय काय दडलेलं असतं हे लोकांपर्यंत पोहोचत नाही.

२००३च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, एका बाईवर आणि एका कोवळ्या मुलीवर बलात्कार झाला. पुढे भटक्या जमातींतले सहा जण पकडले गेले. २००६मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. त्याविरुद्ध सरकार अपिलात गेलं आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशी दिली. म्हणजे तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांनी पुरावा तपासला आणि एकालाही दोषसिद्धीत खोट दिसली नाही.

खोट मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच झाली होती. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंना पोलिसांनी नोंदीवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि त्यांनी त्यांतले चार ओळखले होते. ते चौघं म्हणजे हे सहा जण नव्हेत. त्या चौघांचा तपास पुढे गेला नाही आणि ही ओळख सरकार पक्षाने न्यायालयापुढे नीट येऊ दिली नाही. नंतरच्या ओळख परेडवर आणि न्यायालयातल्या साक्षीवर सगळा खटला उभा राहिला.

मग हे उघडकीला आलं कसं? फाशीच्या खटल्यातला पुनर्विलोकन अर्ज पूर्वी न्यायमूर्ती आपल्या दालनात, वकिलांचं न ऐकता निकाली काढत. या आरोपींचे अर्जही असेच फेटाळले गेले होते. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की असे अर्ज तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकलेच पाहिजेत. त्या आधाराने ही फाइल पुन्हा उघडली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. २०१४च्या त्या निकालाआधी दोर ओढला गेला असता, तर आज हा खटला उत्तम तपासाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

पुण्यातला खटला वेगळा आहे. १९९४च्या ऑगस्टमध्ये एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. त्यांत एक गर्भवती होती, लहान मुलं होती. फाशी झालेला एक आरोपी मूळचा राजस्थानचा. २०००मध्ये त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. खटल्याच्या कागदांत तो विशीतला होता. पुढे त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं, त्यात त्याचं नावही वेगळं नोंदलेलं होतं. चौकशी झाली आणि मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. अल्पवयीन मुलाला आपला कायदा फाशी देतच नाही. २८ वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. एका रजिस्टरचं पान न्यायालयापर्यंत पोहोचायला इतका वेळ लागला.

फाशी रद्द केलेल्या देशांतही ती परत आणावी अशी मागणी अधूनमधून उठते. फिलिपिन्सने तसं करून पाहिलं. १९८७च्या संविधानाने थांबवलेली फाशी त्यांनी १९९३मध्ये परत आणली. २००४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच हिशेब मांडला: तपासलेल्या ९०७ मृत्युदंडाच्या खटल्यांपैकी ६५१ मध्ये खालचा निकाल बदलावा किंवा रद्द करावा लागला होता. शेकडा ७१हून जास्त. तोवर सात जणांना विषारी इंजेक्शन देऊन झालं होतं. २००६मध्ये त्यांनी ही शिक्षा पुन्हा रद्द केली.

मला नेहमी विचारतात, मग मुंबईवरच्या हल्ल्यातल्या कसाबचं काय? त्याच्या अपराधाबद्दल कुणाला शंका होती? नव्हती, मलाही नाही. पण कायदा एका कसाबपुरता लिहिता येत नाही. दोषी ठरवणारं प्रत्येक न्यायालय ‘शंकेला जागा नाही’ असंच लिहितं; नाशिकच्या निकालांचा पायाही तोच होता. शंका नसलेले आणि शंका न दिसलेले खटले वेगळे काढायची चाळणी आमच्याकडे नाही.

फाशीने जरब बसते, हा दावा मला कधी पटला नाही. खून करणारा माणूस दंडसंहिता वाचून घराबाहेर पडत नाही. फाशी नसली तर गुन्हेगार सुटून येईल ही भीती मात्र रास्त आहे. तिच्यावर उपाय आहे: २००८पासून सर्वोच्च न्यायालय ठरावीक वर्षं, किंवा मरेपर्यंत, कोणतीही सूट नसलेली जन्मठेप देऊ शकतं, आणि २०१५मध्ये घटनापीठाने हा अधिकार कायम केला. तुरुंगाचं दार पुन्हा उघडता येतं, एवढा एकच फरक आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

फाशी असेपर्यंत निदान शिक्षेची सुनावणी तरी गांभीर्याने व्हावी. दोषी ठरवल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वकिलाने ‘आरोपी गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत’ असं म्हणायचं आणि बसायचं, हे किती पेपरबुकांत वाचावं! २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी, तुरुंगातलं वर्तन, मानसिक स्थिती यांचे अहवाल मागवायला सांगितलं. खालच्या न्यायालयांत त्यासाठी माणसं आणि पैसा दोन्ही लागतात. शाळेचं रजिस्टर शोधायला कुणालातरी राजस्थानात जावं लागतं.

आणि नाशिकच्या त्या बाई. सहा निरपराध माणसं फासावर गेली असती तर त्यांना न्याय मिळाला, असंच सगळ्यांनी मानलं असतं. त्यांनी पहिल्याच दिवसांत बोट ठेवलेले चार चेहरे मात्र बाहेरच राहिले. ‘पीडितेसाठी फाशी’ असं म्हणणाऱ्यांना मी दरवेळी या बाईंबद्दल सांगतो, कारण या खटल्यात त्यांचं म्हणणं सगळ्यात आधी दडपलं गेलं होतं.