शेत गेलं, सुगी राहिली

कळंबोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं हो? ट्रक, ट्रेलर, लोखंडाच्या सळया आणि पुण्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग! बरोबर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. लोखंड-पोलादाचा मोठा बाजारही मुंबईतून हलवून इथेच आणलेला. अशा गावात सुगीचा सण पाहायला या, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण मैत्रिणींनो, पौष महिन्यातल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी कळंबोलीच्या जुन्या गावठाणाकडे किंवा रोडपालीच्या बाजूला या. डिझेलच्या वासातूनही एक हिरवट, ओव्यासारखा खमंग वास नाकात शिरेल. तो वास पोपटीचा!

पोपटी हे नाव घाटावरच्या भगिनींना नवं वाटेल. तुमच्याकडे जसा हुरडा, तशी आमच्या रायगड जिल्ह्यात पोपटी. वालाच्या कोवळ्या, भरलेल्या शेंगा मडक्यात घालून, मडकं उपडं ठेवून, त्याभोवती जाळ करून भाजायच्या. थेंबभर पाणी नाही, तेल नाही, फोडणी नाही. सगळी करामत एका रानपाल्याची. पण कृतीकडे वळण्याआधी या मातीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पोपटीची खरी गोडी कळायची नाही.

आज जिथे सेक्टरांच्या पाट्या आहेत तिथे पूर्वी भातखाचरं होती. खाडीचं खारं पाणी अडवायला बांध घालायचे, तो दरवर्षी राखायचा आणि आत भात पिकवायचं, हा इथल्या आगरी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. भात कापून झालं की जमिनीत जो ओलावा उरतो, त्याच्यावरच वाल येतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. डिसेंबरच्या अखेरीस शेंगा भरू लागतात, भाताची मळणी उरकलेली असते, हात मोकळे असतात आणि थंडीही पडलेली असते. मग शेताच्या बांधावरच मडकं लागायचं. लेकी माहेरी यायच्या, मुंबईला गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेले भाऊ यायचे. पोपटी म्हणजे पदार्थ कमी आणि कुटुंबाचा मेळावा जास्त!

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. कळंबोलीही त्यातच. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई भागात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. तारीख पाहिलीत? संक्रांतीनंतर अवघे दोन दिवस! या भागातल्या घरांत तिळगुळाच्या दिवसांना ती आठवणही चिकटलेली आहे. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कुणाची घरं वर आली, कुणाचे पैसे हातातून निसटले, तर कुठे वाटणीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जाईनासे झाले.

म्हणून म्हणते, शेतच उरलं नाही तर सुगीचा सण करायचा कशाला, हा प्रश्न इथे नुसता बोलण्यापुरता नाही. पण इथल्या बायकांनी त्याचं उत्तर आपल्या परीने देऊन टाकलं आहे. शेंगा आता पनवेलच्या बाजारातून येतात, नाहीतर तालुक्यातल्या आतल्या गावच्या नातेवाइकांकडून. मडकं बांधावर न लागता मोकळ्या प्लॉटवर लागतं. पण ते लागतं खरं! एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ एरवी कुणाच्या सांगण्याने एकत्र येणार नाहीत, पण पोपटीच्या जाळाभोवती दोघांनाही उभं राहावंच लागतं. एकाने गवत टाकायचं, दुसऱ्याने मडकं सांभाळायचं. लग्नकार्यासारखे मानपान इथे नाहीत, अहेर नाहीत, कोण आधी बसला नि कोणाला पाट दिला नाही ही भानगडही नाही. रुसवा सोडायला याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही.

आता कृती. बारा-पंधरा माणसांसाठी तीन किलो वालाच्या शेंगा, किलोभर लहान बटाटे, अर्धा किलो रताळी आणि मिळाली तर कोनफळं घ्या. शेंगा हाताला टपोऱ्या लागल्या पाहिजेत. चपट्या घेतल्यात तर नुसती सालं चघळत बसाल! शेंगा धुऊन निथळून घ्या आणि त्यांना दोन-तीन मोठे चमचे ओवा व जाडं मीठ चोळा. बटाट्यांना चिरा देऊन त्यांत मीठ-मसाला भरा. मांसाहारी मंडळी हळद, तिखट, आलं-लसूण लावलेले कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात बांधून मधोमध ठेवतात, अंडीही ठेवतात. पण घरात शाकाहारी माणसं असतील तर सरळ दोन मडकी लावा. ‘शेंगा तेवढ्या वेचून खा’ असं सासूबाईंना सांगायची वेळ आणू नका!

मडकं मातीचं, बिनरंगाचं आणि तडा न गेलेलं हवं. दहा-बारा लिटर पाणी मावेल एवढं पुरे. आणि आता तो पाला. त्याला भांबुर्डी किंवा भांबुर्डा म्हणतात. भात कापलेल्या शेतात, माळावर हिवाळ्यात तो आपोआप उगवतो. पानं चुरगळली की उग्र वास येतो. तळाला या पाल्याचा जाड थर, वर शेंगा, मग बटाटे-रताळी, मधून मधून पुन्हा पाला, असं भरत जायचं. शेवटी तोंडाशी पाला इतका गच्च कोंबायचा की मडकं उपडं केलं तरी शेंग बाहेर पडता कामा नये. पाल्यातल्या ओलाव्याची वाफ आतल्या आत कोंडते, त्यातच सगळं शिजतं. जमीन साफ करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती सुकं गवत, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा तास एकसारखा जाळ हवा, कोंबडी असेल तर पाऊण तास. झालं की नाही हे ओळखायचीही युक्ती आहे. तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारा. ‘चर्र’ आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की पोपटी झाली समजा. वाल मात्र अर्धकच्चे खाऊ नका, पोटाला बाधतात.

पाला ओळखीचा नसेल तर स्वतः रानातून उपटून आणण्याचं धाडस नको. हंगामात बाजारात शेंगांबरोबर तो मिळतो, तोच घ्या. अगदीच न मिळाल्यास केळीची नाहीतर कोबीची पानं घाला आणि ओवा थोडा वाढवा. तो वास येणार नाही, पण शेंगा मऊ होतील. आणि हो, इमारतीच्या गच्चीवर, गाड्यांजवळ किंवा सुक्या गवताच्या माळावर जाळ करू नका. मोकळी जागा, जवळ दोन बादल्या पाणी, मुलींच्या ओढण्या आणि आपले पदर खोचलेले, एवढं पाळायलाच हवं. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून राख थंड झाल्याची खात्री करा.

मला पोपटीची सगळ्यात आवडणारी गोष्ट कोणती सांगू? इथे ओटा नाही! सण म्हटला की आपण चार दिवस आधीपासून स्वयंपाकघरात, आणि पाहुणे ‘वा वा’ म्हणून ढेकर देऊन मोकळे. पोपटीला मात्र गवत आणणं, जाळ करणं, मडकं भरणं, फोडणं ही सारी पुरुषांची आणि मुलांची कामं. आपण फक्त शेंगा निवडून दिल्या की खुशाल चटईवर बसायचं आणि गप्पा मारायच्या. ताटं नाहीत, वाट्या नाहीत. वर्तमानपत्राऐवजी केळीचं पान पसरा, छापलेल्या कागदाची शाई गरम शेंगांना लागते. शेंग दातांत धरून दाणे ओढायचे की झालं जेवण! भांडी घासायची पाळीच येत नाही. नवरेमंडळींना हे काम आवडतं, तेव्हा त्यांच्या हातून ते काढून घेऊ नका हं!

कळंबोलीची आणखी एक गंमत म्हणजे इथे सुगी एकाच तऱ्हेची नाही. लोखंड बाजार आणि मालवाहतूक यांच्यामुळे ठिकठिकाणची माणसं इथे आली. घाटावरून आलेल्या घरांत ज्वारीच्या हुरड्याची आठवण निघते. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा आणि सोबत शेंगदाण्याची चटणी! लातूर-धाराशिवकडच्या बायका वेळा अमावास्येचं सांगतात. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला सारं कुटुंब शेतात जातं, भज्जी आणि आंबील असा बेत असतो. वाहतूक व्यवसायातल्या पंजाबी कुटुंबांची लोहडी आपल्या भोगीच्याच सुमाराला येते. तेही जाळ करून त्यात तीळ, रेवड्या, लाह्या टाकतात. दाक्षिणात्य शेजारणीचा पोंगल तर आपल्या संक्रांतीलाच. गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू करतात, ते तर पोपटीचं सख्खं भावंडच. तसंच उपडं मडकं, तशाच शेंगा नि कंद! एका जिन्यावरच्या चार घरांनी आपापली सुगी एकेका पदार्थाने आणली तर मेळावा केवढा रंगतो, करून पाहा.

मुलांना नुसतं खाऊन कंटाळा येतो, तेव्हा त्यांच्यासाठी दोन-चार खेळ ठरवून ठेवा. वाल, तूर, हरभरा, तीळ, बाजरी, नाचणी अशी धान्यं वाट्यांत ठेवून डोळे बांधून ओळखायला लावा. गहू आणि तांदूळ कोणीही ओळखतं, पण वरी आणि नाचणीशी भल्याभल्यांची फजिती होते! दोन गट करून शेंगा सोलायची शर्यत लावा. सोललेले दाणे वाया जात नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांचीच उसळ. आजोबांना भोवरा आणि विटीदांडू शिकवायला बसवा. मोठ्यांसाठी उखाणे आहेतच, पण यंदा पुरुषांनी घ्यायचे अशी अट घाला आणि मजा पाहा! पतंग उडवायचे तर साध्या सुती दोऱ्याने. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, आणि ती पक्ष्यांइतकीच दुचाकीवरच्या माणसांच्या गळ्यासाठीही आहे.

भाताच्या लोंब्यांचं तोरण ही आणखी एक जुनी, सुंदर रीत. कोकणात आश्विनातल्या पौर्णिमेला, म्हणजे नवान्न पौर्णिमेला, भाताची लोंबी, नाचणी, वरी, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडूची फुलं एकत्र बांधून दाराला ‘नवं’ बांधतात. फ्लॅटच्या दारालाही ते तितकंच शोभतं. चार लोंब्या जास्तीच्या आणून खिडकीशी टांगा. चिमण्या आल्या तर मुलांचा रविवार त्यातच जाईल.

संक्रांतीला जोडूनच मेळावा असेल तर भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करा. वाल, हरभरा, वांगं, गाजर, बोरं, जे जे शेतात नवं आलं ते सगळं एका कढईत! घरात तान्हं मूल असेल तर बोरन्हाण घाला, बाकीची बच्चेकंपनी बोरं-चुरमुरे वेचायला टपलेलीच असते. फक्त अगदी लहानांच्या तोंडात बोर किंवा हलवा जाणार नाही एवढं पाहा.

आणि हळदीकुंकवाचं एक सांगते, रागावू नका. बोलावण्याची यादी करताना ज्या जावेचा, नणंदेचा, शेजारणीचा नवरा हयात नाही तिचं नाव गाळू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्याचं कौतुक केलं. कौतुक सोपं असतं हो! आपल्या उंबऱ्यावर तिला कुंकू लावून वाण देणं, ही खरी गोष्ट. शेत राखताना, भात लावताना तिचे हात कमी पडले नव्हते, मग सुगीच्या वाणात तिचा वाटा का नसावा?

तेव्हा यंदा रथसप्तमीपूर्वीचा एक रविवार धरून ठेवा. कळंबोलीला यायचं तर हार्बरच्या गाडीने मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरा, पुढे रिक्षा आहेच. नाही जमलं तर शेंगा आणि मडकं घेऊन जवळच्या कोणाच्या परसात, वाडीत जमा. ज्याच्याशी वर्षभर बोलणं झालं नाही त्याला पहिला निरोप धाडा आणि गवत घेऊन यायला सांगा. तिळगूळ नंतर द्या, आधी शेंगा खाऊ द्या. गरम शेंग सोलताना कोणाला भांडण आठवत नाही!