गोदामावरची मंडळी

नागपुरात कुणी 'चर्च' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते सदर. दगडी भिंती, रंगीत काचा, आवारातली जुनी झाडे आणि नाताळच्या रात्रीची रोषणाई. त्या संदर्भात गांधीबागेचे नाव कुणाच्या ओठी यायचे नाही. गांधीबाग म्हणजे कापडाचा ठोक बाजार. हमालांच्या पाठीवरल्या गाठी, हातगाड्यांचा खोळंबा, गादीवर बसून हिशेब जुळवणारे मुनीम आणि कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास! अशा या बाजारात, एका गोदामाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी आमची मंडळी भरते असे मी सांगितले की वर्गातल्या मैत्रिणी हसून विचारतात, "मंडळी? लग्नाची की नाटकाची?"

त्यांचा दोष नाही. मराठीत 'मंडळी' हा शब्द कुठेही बसतो. पंगतीला बसलेली ती मंडळी आणि एखाद्या गृहस्थाची पत्नी तीही 'घरची मंडळी'. मराठी ख्रिस्ती माणसाने हाच शब्द चर्चसाठी घेतला, आणि मला तो फार आवडतो. चर्च म्हटले की मनात इमारत उभी राहते. मंडळी म्हटले की माणसे दिसतात. आमच्याजवळ इमारत नाहीच. आहेत ती माणसेच. म्हणून शब्दाचा हा भेद मला भाषेच्या तासापेक्षा रविवारी अधिक कळला आहे.

पाच कुटुंबांनी ही मंडळी सुरू केली तेव्हा मी फ्रॉक घालीत होते. कुणी चंद्रपूरकडून कामासाठी आलेले, कुणी छिंदवाड्याकडचे, कुणी इथलेच. जुन्या चर्चमध्ये जायला कुणाची ना नव्हती; परंतु तिथे मागच्या बाकावर बसून मागच्या दाराने घरी यायचे, असे त्यांचे वर्षानुवर्षे चालले होते. आमचे पाळकसाहेब आठवडाभर एका छापखान्यात काम करतात आणि रविवारी उपदेश करतात. शेटजींनी गोदामावरची खोली भाड्याने दिली. बाबांनी जुन्या लोखंडी खुर्च्या आणल्या. एका काकांनी घरची पेटी आणली, आणि मंडळी सुरू झाली. प्रारंभ इतका साधा असतो याचे मला अजून आश्चर्य वाटते.

कठीण काळ कोणत्या दाराने येईल हे मात्र कुणाला ठाऊक नसते. २०२० च्या मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा चालू होती. भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला, टाळेबंदी लागली आणि गांधीबागेत मी प्रथमच दुपारी चिमण्या ऐकल्या. खोलीला कुलूप लागले. तेव्हा पाळकसाहेबांनी हजेरीची वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "बाळ, आता उपासना या वहीत आहे. रोज पाच नावांना फोन करायचा. जेवले का, औषध आहे का, एवढेच विचारायचे. उपदेश करायचा नाही."

त्या वहीने मला जे शिकवले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकाने शिकवले नाही. तोवर ती वही म्हणजे खुणांची रांग होती. हजर असल्यास बरोबरची खूण, गैरहजर असल्यास फुली. फोन करू लागले तशी एकेका खुणेमागची खोली दिसू लागली. एकीचा नवरा हैदराबादला अडकला होता. एका आजोबांची रक्तदाबाची गोळी संपली होती. एका घरी भात होता पण गॅस नव्हता. ज्यांच्याकडे होते त्यांनी नसलेल्यांकडे पोहोचवले. खालच्या गोदामातल्या हमालांच्या घरीही दोनदा तांदूळ गेला, कारण ते वहीत नसले तरी जिन्यात रोज भेटणारे होते. शेटजींनी चार महिन्यांचे भाडे मागितले नाही. तेही वहीत नव्हते.

दुसरी लाट २०२१ च्या एप्रिलात आली आणि पेटीवाले काका गेले. मंडळीत सूर धरणारे ते एकटेच. खोली पुन्हा उघडली तेव्हा खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या, भाडे थकलेले, पेटी बंद. वडीलधाऱ्यांची बैठक बसली. बहुतेकांचे म्हणणे व्यवहाराचे होते. एवढ्याशा लोकांसाठी खोली कशाला? सदरला जाऊ. तिथे पाळक आहेत, वाद्यवृंद आहे, पंखे आहेत. मीही मनातून तेच म्हणत होते. मग कोपऱ्यातल्या एक आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, मोठ्या चर्चात मी आली नाही तं कोनाले समजन वं? इथं दोन रविवार दिसली नाही तं तू फोन करतं."

बैठकीत क्षणभर कुणी बोलले नाही. खोली सोडायची नाही असे ठरले.

त्या एका वाक्याने मला इतिहासाकडे वळवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. याच शहरात पहिली मंडळी रुजली तेव्हा काय घडले होते, हे मी ग्रंथालयात शोधू लागले. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इकडे आला. स्कॉटलंडमधली त्याची फ्री चर्चही तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. म्हणजे एका कोवळ्या रोपाने दुसरे रोप लावायला घेतले होते! नागपुरात भोसल्यांचे राज्य. कामठीच्या छावणीत मद्रासी फौज, त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती माणसांत तमिळ बोलणारे पुष्कळ. हिस्लॉपने १८४६ मध्ये शहरात शाळा काढली. दोन वर्षांतच बाबा पांडुरंग नावाचा विद्यार्थी ख्रिस्ती होऊ पाहतो म्हणून दरबाराशी तंटा उभा राहिला. सोबती रॉबर्ट हंटर याला प्रकृतीपायी परतावे लागले. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८५७ चे वादळ आले. आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडून मरण पावला. वय वर्षे शेहेचाळीसही पुरी नव्हती.

अठरा वर्षांत त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली माणसे मोजकीच होती. हजेरीच्या वहीने मोजले तर तो हरला असेच म्हणावे लागेल. परंतु नागपूरने त्याला कशासाठी लक्षात ठेवले? शाळेसाठी. तिच्याच परंपरेतून १८८३ मध्ये त्याच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले आणि तिथे सर्व धर्मांची मुले शिकली. त्याने इथले खडक आणि जीवाश्म गोळा केले. 'हिस्लोपाइट' हे खनिज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याने टिपून ठेवलेली गोंडांची लिंगोची कथा रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या मातीत रोप लावायचे ती माती त्याने आधी हातात घेऊन पाहिली होती. शेजाऱ्याला ओळखणे हे मंडळीच्या कामाबाहेरचे नव्हे, हे मला गोदामाच्या जिन्यात उमगले होते. हिस्लॉपच्या चरित्रात त्याला दुजोरा मिळाला.

पण या गोष्टीला दुसरी, दुखरी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नाही. नारायण वामन टिळक १८९० नंतरची काही वर्षे नागपुरात होते. इथूनच राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबल दिले. १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पतिपत्नी पुन्हा एकत्र येईपर्यंत काही वर्षे गेली. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाईंनी ते हसत लिहिले आहे. तरी त्या हसण्याखाली एका बाईचे रडून सुजलेले डोळे आहेत. मंडळी वाढते तेव्हा एखाद्या घरातला एक पाट रिकामा होतो, हे विसरून वाढीचा आनंद मानणे मला क्रूरपणाचे वाटते.

आमच्या वहीतही असे एक नाव आहे. त्याच्यापुढे पत्ता लिहिलेला नाही, कारण घरी ठाऊक नाही. त्या मुलाने बाप्तिस्म्याची घाई केली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "आधी आईचे औषध आण. तिला रुग्णालयात नेणे-आणणे कर. देव थांबायला तयार आहे, आईचे दुखणे थांबणार नाही." तो अजून येतो आणि मागे बसतो. घाई न करणारी मंडळी हळू वाढते हे खरे. परंतु ती कुणाच्या आईच्या डोळ्यांतल्या पाण्यावर वाढत नाही.

आणखी एक प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. "तुम्हांला बाहेरून पैसा येतो ना?" या प्रश्नाचेही नागपूरशी जुने नाते आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना तेथील सरकारने १९५४ मध्ये, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, असे तिच्या १९५६ च्या अहवालाने सुचवले. त्या अहवालावर ख्रिस्ती लोकांनी कडाडून टीका केली. मला मात्र वाटते, संशयाने विचारलेला प्रश्नही कधी कधी उपयोगाचा असतो. तुमचे पाय कुणाच्या जमिनीवर आहेत? आमचे उत्तर गोदामाच्या जिन्यावर लावलेले असते. दर महिन्याचा जमाखर्च बाबा कागदावर लिहून तिथे चिकटवतात. दानार्पण इतके, भाडे इतके, वीज इतकी, शिल्लक बहुधा नाही. हमालही तो वाचतात आणि शिल्लक पाहून आम्हांला चहा पाजतात!

टिळकांना हेच हवे होते असे मला वाटते. उसन्या सुरात गाणारी मंडळी त्यांना नको होती. म्हणून त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणले, भजन-कीर्तन आणले. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईचा संसार या वाटेने मोडला होता, तिनेच वाटेवरले गाणे पुढे चालवले. काकांची पेटी आज त्यांची सून वाजवते. तिचा हात अजून अडखळतो, काळी चार धरता धरता ती पांढऱ्या पट्टीवर येते. पण सूर आमच्या घरचा आहे.

लावणारा हात गेल्यावर रोपाचे काय होते, हा प्रश्न या शहराने आणखी एका ठिकाणी पाहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नवा धम्म घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. तरीही वस्तीवस्तीतून विहारे उभी राहिली, लोकांनी स्वतःच वंदना म्हणावयास शिकून ती मुलांना शिकवली. धर्म वेगळा, वाट वेगळी, दुःखे वेगळी. परंतु नेता गेल्यावर साध्या माणसांनी ते आपले म्हणून उचलले, हे आमच्यासारख्या पाच घरांच्या मंडळीलाही शिकण्याजोगे आहे.

लहानपणाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एकटे राहण्यात अहंकारही असतो. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्मास आली. शंभर-दीडशे वर्षांच्या वेगळेपणाच्या भिंती उतरवणे खुर्च्या मांडण्याइतके सोपे नव्हते. आम्हीही नाताळला सदरला जातो, मोठ्या गर्दीत मोठ्याने गातो आणि घरी येताना बरे वाटते. मोठे असणे वाईट नाही. मोठे होताना नावे हरवणे वाईट.

आता आमच्यापुढे जो कठीण काळ आहे त्याला ना दरबार कारण, ना साथ. आमची मुले शिकतात आणि पुण्याला, बंगळुरूला जातात. गेल्या दोन वर्षांत वहीतली सात नावे अशीच गेली. त्यांच्यापुढे फुली मारणे मला जमले नाही. गावाचे नाव लिहिले. माझेही हे बी.ए.चे शेवटचे वर्ष. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याचा अर्ज भरून झाला आहे. आई म्हणते जा, बाबा काही म्हणत नाहीत, आणि त्या आजी फक्त विचारतात, "वही कोनाजवळ देशीन?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. एक नववीतली मुलगी आहे, तिचे अक्षर बरे आहे. गेले चार रविवार मी तिला शेजारी बसवते. काल तिने आपणहून विचारले, "ताई, मागे बसतात त्या दादांचा पत्ता का नाही?" मी तिला म्हटले, "पत्ता विचारायचा नाही. आईची तब्येत विचारायची." तिने मान डोलावली आणि त्या नावापुढे, अगदी बारीक अक्षरात, 'आई' एवढेच लिहून ठेवले.