वाळूतला पल्ला

जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पेट्रोलचा काटा नसायचा. डॅशबोर्डखाली, पायांच्या जरा वर, एक छोटी तोटी असायची. इंजिन खोकू लागलं, गाडीने दोन-चार आचके दिले, की चालक बुटाच्या टोकानं ती तोटी फिरवायचा आणि टाकीच्या तळाशी राखून ठेवलेलं पाचेक लिटर पेट्रोल इंजिनाकडे धाव घ्यायचं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बीटलला काटा मिळाला तो १९६२ च्या मॉडेलपासून. तोवर किती उरलंय याचा हिशेब डोक्यात ठेवायचा, नाहीतर टाकीत लाकडी पट्टी बुडवून ओल कुठवर चढली ते पाहायचं. मला ही तोटी फार मोलाची वाटते. मुक्कामाला पोहोचण्यापुरतं काहीतरी आधीच बाजूला काढून ठेवायचं, हा शहाणपणा तिच्यात धातूचा होऊन बसला आहे.

याच बीटलच्या सांगाड्यावर ड्यून बग्गी उभी राहिली. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला राहणारा ब्रूस मेयर्स होड्या बांधायचा, फायबरग्लासमध्ये त्याचा हात बसलेला. किनाऱ्यावरच्या वाळूत लोक जुन्या गाड्यांची मोडतोड करून धडपडत होते. त्यानं १९६४ मध्ये फायबरग्लासची एक गोलसर, उघडी, खेळकर दिसणारी गाडी घडवली आणि आखूड शेपटीच्या मांजरांच्या जातीवरून तिला मँक्स हे नाव दिलं. पुढे त्यानं बीटलचा तळ साडेचौदा इंचांनी कापून आखूड केला आणि त्यावर हे हलकं अंग बसवलं. दारं नाहीत, छप्पर नाही, बाजूच्या काचा नाहीत. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, हवेवर थंड होणारं. अशी गाडी वाळूत रुतत नाही, तरंगत जाते. तिची सगळी करामत तिच्या हलकेपणात आहे.

आणि तिथंच टाकीचा प्रश्न सुरू होतो. बीटलची टाकी ४० लिटरची. डांबरी रस्त्यावर लिटरला ११ किलोमीटर धरले तर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर सहज निघतात. पण वाळू डांबरासारखी वागत नाही. मऊ वाळूत चाक सतत स्वतःसमोरच एक छोटा चढ तयार करतं आणि तो चढत राहतं. खालचे गिअर, चढलेले आरपीएम, टेकडीवर घेतलेली धाव, मध्येच अडकून पुन्हा काढलेली गाडी. लिटरला पाच किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावं. म्हणजे चाळीस लिटरचे दोनशे किलोमीटर झाले. त्यातून परतीचा रस्ता वजा करा. नकाशावर वाळवंट केवढंही पसरलेलं असो, बग्गीचं वाळवंट तेवढ्यापुरतंच.

या मर्यादेला खरी धार आली ती मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कोर्तेझचा समुद्र, मध्ये सुमारे बाराशे किलोमीटर लांबीची जमिनीची चिंचोळी पट्टी. हात पसरून उभे असलेले कार्दोन निवडुंग, उलट्या गाजरासारखे सिरिओ, धुळीचे सपाट पट्टे, कोरड्या ओढ्यांतले गोटे. तिहुआना ते ला पाझ हा सलग डांबरी रस्ता १९७३ मध्ये पुरा झाला. त्याआधी तिथं होती फक्त वाट, तीही जागोजागी फाटे फुटलेली. पेट्रोल मिळायचं ते एखाद्या वाडीवर, पिंपातून हातपंपानं उपसलेलं आणि गंज, पाणी, कचरा अडावा म्हणून मऊ कातड्यातून गाळलेलं. नरसाळ्यावर कातडं ताणून धरलेलं, त्यातून पेट्रोल बारीक धारेनं उतरतंय आणि वर काळपट थेंब पाण्याचे मणी होऊन थांबलेत. त्या धारेच्या वेगानंच पुढचा प्रवास व्हायचा.

१९६२ मध्ये डेव्ह एकिन्सनं होंडा मोटारसायकलवरून तिहुआना ते ला पाझ हे अंतर ३९ तास ५६ मिनिटांत तोडलं होतं. एप्रिल १९६७ मध्ये ब्रूस मेयर्स आणि टेड मँगल्स ‘ओल्ड रेड’ या पहिल्यावहिल्या मँक्समध्ये बसून ला पाझहून उत्तरेला निघाले आणि ३४ तास ४५ मिनिटांत तिहुआनाला पोहोचले. जवळपास दीड हजार किलोमीटर. चार चाकांनी दोन चाकांना पाच तासांनी मागे टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मेक्सिकन थाउजंड ही पहिली शर्यत सुटली, तीही मँक्सनंच जिंकली. विक विल्सन आणि टेड मँगल्स यांना २७ तास ३८ मिनिटं लागली. आज बाहा थाउजंड म्हणून जिचा जगभर गाजावाजा होतो, तिची ही सुरुवात. वेगाची कहाणी म्हणून ती सांगितली जाते, मला मात्र ती पुरवठ्याची कहाणी वाटते. कारखान्यातून आलेली टाकी जिथं संपते तिथून पुढे दीड दिवस चालत राहायचं, तर हरेक लिटर कुठून येणार हे निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

मग सरळ मोठी टाकी का बसवू नये? बसवावी. पण पेट्रोलला वजन असतं, हे टाकी मोठी करणाऱ्यानं दिवसभर मनात घोळवावं. लिटरमागे सुमारे पाऊण किलो. आणखी चाळीस लिटर घेतले की तीसेक किलो पेट्रोल, वर टाकीचा पत्रा, पट्टे, नळ्या. साधारण सहाशे किलोच्या गाडीला ते झेपतं. दोनशे लिटर घेतले तर दीडशे किलो, म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची मागे बसवून नेल्यासारखं. ती दोन माणसं गाडी वाळूत खोल दाबतात, खोल दबलेली गाडी जास्त पेट्रोल पिते, आणि त्या जास्तीच्या पेट्रोलसाठी पुन्हा जागा हवी. दूर जाण्यासाठी घेतलेला साठाच थोडा थोडा दूर जाणं खात राहतो. वाळूवर तरंगणारी गाडी आपण कुठल्या लिटरपाशी ओझ्याची गाडी करून टाकली, हे वेळीच ओळखणं यालाच मी कारागिरी म्हणतो.

वजन किती यापेक्षा वजन कुठे, हा प्रश्न आणखी नाजूक. बीटलची टाकी नाकात, इंजिन शेपटीत. त्यामुळे भरलेली टाकी पुढच्या चाकांना जमिनीवर दाबून धरते, स्टिअरिंगला पकड मिळते. पेट्रोल संपत गेलं की नाक हलकं होतं आणि मऊ वाळूत चाकं वळवली तरी गाडी सरळच जाऊ पाहते. दुसरी टाकी मागे, गिअरबॉक्सच्या वर टांगली तर ओढ वाढते खरी, पण टेकडी चढताना नाक उचलायला लागतं. म्हणून जाणती माणसं जास्तीचं पेट्रोल दोन आसांच्या मध्ये, शक्य तितकं खाली ठेवतात. सीटच्या मागे किंवा दोन्ही कडांना. आधी कोणती टाकी रिकामी करायची हेही ठरवून ठेवतात आणि त्यासाठी मध्ये तोटी किंवा छोटा विजेचा पंप बसवतात.

शिवाय पेट्रोल निमूट बसत नाही. अर्ध्या भरलेल्या टाकीत ते वळणावर एका अंगाला धडकतं आणि गाडी नको तिथं झुकते, चढावर ते मागे पळतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. आपल्याकडे डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाया पाण्यावर पळसाचं पान टाकतात, हिंदकळू नये म्हणून. टाकीतले भोकाभोकांचे आडवे पडदे तेच काम करतात. कारागीर त्यांना बॅफल म्हणतात. शर्यतीच्या टाक्यांत त्याहून पुढे जाऊन सगळी पोकळी जाळीदार फोमनं भरतात. थोडी जागा जाते, पण पेट्रोल शांत राहतं आणि टाकी फुटली तरी आगीचा धोका कमी होतो. तळाला एक छोटी खोलगट वाटी ठेवतात, शेवटचं लिटर जिथं गोळा होईल.

टाकीला श्वासही घ्यावा लागतो. जितकं पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. झाकणाचं बारीक भोक वाळूनं बुजलं की आत पोकळी तयार होते, पंप ओढून ओढून थकतो आणि टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडतं. म्हणून हवेची नळी वर उंच नेऊन वळवतात, तिला एकमार्गी झडप लावतात. गाडी उलटली तर पेट्रोल त्या वाटेनं सांडू नये. आणि टाकी कधी गळ्यापर्यंत भरू नये. वाळवंटातली पहाट थंड असते आणि दुपार भाजून काढते. वीस अंशांनी तापमान चढलं तर चाळीस लिटरचं पाऊण लिटर जास्त होतं. त्या पाऊण लिटरला जागा ठेवलेली नसेल तर ते स्वतः जागा शोधतं.

पल्ला वाढवण्याचे काही मार्ग टाकीला हातही न लावता सापडतात. राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज सैनिकी इंजिनिअरनं १९२० आणि ३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. वाळू वाऱ्यानं कशी हलते याचं शास्त्र त्यानं १९४१ मध्ये पुस्तकात मांडलं. पण त्याच्या गाड्या पुढे जायच्या त्या साध्या उपायानं. टायरमधली हवा कमी करायची, टायर पसरट होतो, कमी रुततो, गाडी कमी पिते. त्याच वाळवंटात पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे इतके गळायचे की ठिकाणावर पोहोचेपर्यंत पेट्रोलचा मोठा हिस्सा वाटेतच मुरलेला असायचा. जर्मनांचा २० लिटरचा जेरीकॅन मात्र गळत नसे. तीन मुठी, म्हणून दोघांना मिळून उचलता येई. आत हवेची जागा, म्हणून भरलेला पाण्यातही तरंगे. न गळणारा डबा हाही वाढलेला पल्लाच. लेहला बुलेटवरून जाणाऱ्या आपल्या पुण्या-मुंबईच्या मुलांना हे चांगलं ठाऊक आहे. केलाँगजवळ तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वाचून त्यांनी कॅरिअरवर कॅन बांधलेले असतात.

सोबत नेता येत नसेल तर वाटेत आधीच ठेवून यावं, हा तिसरा मार्ग. गणितज्ञांना त्यानं फार जुन्या काळापासून झपाटलं आहे. आल्क्विन या विद्वानाच्या नावावर असलेल्या, हजाराहून जास्त वर्षं जुन्या कोड्यांच्या संग्रहात एक उंट येतो. नव्वद मापं धान्य तीस कोसांवर न्यायचं, उंट एका वेळी तीस मापं उचलतो आणि कोसामागे एक माप खातो. १९४७ मध्ये एन. जे. फाइन यांनी जीपच्या रूपात हे कोडं पूर्ण सोडवलं. एका टाकीत दोनशे किलोमीटर जाणारी गाडी घ्या. पहिल्या फेरीत ६७ किलोमीटर जायचं, टाकीचा तिसरा हिस्सा तिथं पुरायचा आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्शावर परत यायचं. दुसऱ्या फेरीत त्या जागी टाकी पुन्हा पूर्ण भरते आणि गाडी २६७ किलोमीटर गाठते. दोन टाक्या खर्चून अंतर वाढलं ते एक तृतीयांश. दुप्पट अंतर जायला आठ टाक्या लागतात, तिप्पट जायला सत्तावन्न. तत्त्वतः अंतराला मर्यादाच नाही. फक्त दर पुढच्या पावलासाठी मागच्या फेऱ्या भयंकर वाढतात.

हा हिशेब पहिल्यांदा कळतो तेव्हा अंगावर काटा येतो. कुणीही कितीही दूर पोहोचलेलं दिसलं तरी त्यामागे कुणीतरी, कधीतरी केलेल्या न दिसणाऱ्या फेऱ्या असतात. बाहाच्या वाडीवर पिंप ठेवणारा माणूस त्यातलाच. एल रोझारिओत मामा एस्पिनोसा यांची खानावळ होती, शर्यतवाल्यांच्या कित्येक पिढ्या तिथं थांबल्या, जेवल्या. अशा ठिकाणांच्या भरवशावरच चाळीस लिटरची गाडी दीड हजार किलोमीटरची भाषा करू शकली. मँक्स हलकी राहू शकली, कारण वाटेवर कुणीतरी जड साठा सांभाळत बसलं होतं.

म्हणून बग्गीची टाकी वाढवायला निघालेल्यानं आधी पाना हाती घेऊ नये. आधी आपल्याच वाळूवर, आपल्याच टायरांवर, आपल्याच पायाच्या सवयीनं एका लिटरला किती किलोमीटर जातात ते मोजावं. मग वाटेवर भरवशाची जागा कुठे आहे ते विचारावं. मग होडीवाल्यांचा नियम लावावा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, आणि उरलेला तिसरा हिस्सा वारा फिरला, वाट चुकली, दुसऱ्या कुणाची गाडी अडकली तर त्यासाठी. या तीन हिश्शांची बेरीज जेवढी येईल तेवढीच टाकी बसवावी, आणि त्यावर एकही लिटर हौसेचा घेऊ नये. बहुतेकांचं उत्तर नाकातल्या चाळीस लिटरला सीटमागे आणखी चाळीसेक लिटरची जोड, एवढ्यावर येतं. जे त्यापलीकडे जाऊ पाहतात त्यांनी आणखी मोठी टाकी घेण्याऐवजी दुसरी गाडी आणि दुसरा सोबती घ्यावा. वाळवंटात दोन हलक्या गाड्या एका जड गाडीहून नेहमी दूर जातात, आणि दोन्ही परत येतात.