कोडच्या डोक्यावरच्या ओळी

टूल लिहायचं म्हणजे फंक्शन लिहायचं, असं नागपूरच्या मिहानमध्ये नव्यानं रुजू होणारी पोरं धरून चालतात. फंक्शन ती उत्तम लिहितात. पण एमसीपी, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची टूलं जोडणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या कामात कस लागतो तो फंक्शनच्या वर्णनात.

अँथ्रॉपिकनं हा प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. आत धावतं ते जेसन-आरपीसी २.०. क्लायंट आणि सर्व्हर आधी एकमेकांना आपली आवृत्ती आणि क्षमता सांगतात, मग टूलांची यादी, मग कॉल. हा सगळा व्यवहार एसडीके सांभाळतं. पायथनमध्ये फंक्शनवर डेकोरेटर लावला की टाइप हिंटवरून स्कीमा आणि डॉकस्ट्रिंगवरून वर्णन आपोआप तयार होतं.

ती डॉकस्ट्रिंग मात्र आपणच लिहायची असते. पलीकडच्या मॉडेलला आपला कोड दिसतच नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि स्कीमा. मिहानची आखणीच मालवाहतुकीसाठी झालेली, म्हणून मी शिकवताना गोदामाचं उदाहरण घेते. 'तुरीचा साठा देतो' एवढंच लिहिलं, तर मॉडेल गोदामाचं नाव अंदाजानं भरतं आणि आलेला आकडा किलोत समजतं. 'आकडा पोत्यांत; गोदामाचा कोड द्या, नाव नको; कोड ठाऊक नसेल तर आधी गोदामांची यादी मागा' असं लिहा, आणि फंक्शनला हात न लावता तेच टूल नीट वापरलं जातं.

टूलमधली चूक निकालातच खूण करून परत पाठवता येते, ही या प्रोटोकॉलमधली माझी सर्वांत आवडती सोय. तो मजकूर मॉडेल वाचू शकतं. 'इनव्हॅलिड इनपुट' वाचून ते काय करणार? 'असा कोड नाही, कोड तीन अक्षरी असतो' हे वाचून पुढचा कॉल सुधारता येतो.

वर्णन नीट असलं, तरी एसटीडीआयओवर, म्हणजे स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर, चालणाऱ्या सर्व्हरमध्ये विसरलेला एक प्रिंटही घात करतो. स्टँडर्ड आउटपुट फक्त प्रोटोकॉलच्या संदेशांसाठी. तिथे इतर मजकूर गेला की क्लायंटला जेसन वाचता येत नाही. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवायचे.

रिव्ह्यूला बसले की मी कोड उघडत नाही. एमसीपी इन्स्पेक्टरमध्ये टूलांची यादी काढते आणि ज्यानं हे काम पाहिलेलंच नाही अशा कुणाला तरी विचारते, यातलं कोणतं वापरशील, त्यात काय भरशील? तो अडखळला, तर वर्णन पुन्हा लिहायला परत.