सुटी वेलांटी

पहिलीच्या मुलांना मी बाराखडी पाठ करायला लावत नाही. चालीवर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलंच 'पी' दाखवलं, की ते मनातल्या मनात 'प, पा, पि' म्हणत तिथपर्यंत येतं. हे वाचन नव्हे, पाठांतर झालं. म्हणून माझ्याकडे अक्षरं वेगळी आणि काना, मात्रा, वेलांट्या, उकार वेगळे असतात. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेले, वर डिंकाने बारीक वाळू चिकटवलेली.

मूल 'म'वरून बोट फिरवतं, मोठ्याने म्हणतं, मग काना आणून टेकवतं: मा. तोच काना उचलून 'प'ला लावतं: पा. इथे मुलं भराभर पुढे जातात. अडतं ते पहिल्या वेलांटीपाशी. आवाज नंतरचा, खूण मात्र आधी! वहीत मूल नुसती वेलांटी काढतं आणि पेन्सिल तशीच धरून बसतं. पुठ्ठ्यावर 'म' आधी मांडता येतो, म्हणता येतो आणि वेलांटी मागून आणून डावीकडून टेकवता येते. दोन-चार अक्षरांना अशी वेलांटी लावली, की मूल 'मिठाई' वाचताना अडखळत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. 'फूल' म्हणताना हात लांबवर न्यायचा, 'फुले'तल्या 'फु'ला आखडता घ्यायचा. उकार खरोखरच उचलून बदलावा लागतो, त्यामुळे फरक लक्षात राहतो. मूल-मुले, पीठ-पिठात अशा जोड्या मग मुलंच शोधून आणतात. शब्दाच्या शेवटी मात्र कानावर विसंबू नये. बोलण्यात 'चिमणी'तली 'णी' आखूडच ऐकू येते. तिथे सरळ सांगावं, मराठी शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, दुसरा उकार. 'आणि' हा अपवाद लवकरच भेटतो, तो तेव्हाच सांगून टाकावा.

साधनं महाग पडतात, ही सबब मला पटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धत त्यांनी गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच उभी केली. चिंचोके, शंख-शिंपले, बिया आजही फुकटच मिळतात.

घरात पहिलीतलं मूल असेल तर सरावाच्या वह्यांचा गठ्ठा आणू नका. एक पुठ्ठा, कात्री, डिंक आणि मूठभर वाळू घेऊन संध्याकाळी त्याच्याजवळ बसा.